पाकिटातला फोटो

देऊळगाव राजाच्या स्टँडजवळ एका जुन्या फोटोग्राफरचा स्टुडिओ आहे. साधा पासपोर्ट फोटो काढतानाही तो तीनदा सांगतो, "डोळे उघडे ठेवा, भाऊ." डोळ्यांचं त्याला वेडच आहे. पूर्वी कुणी गेलं की तिरडी उचलण्याआधी त्याला बोलावणं यायचं, कारण पुष्कळांचा जिवंतपणी एकही फोटो काढलेला नसायचा. मग तो बारीक ब्रशने फोटोतले मिटलेले डोळे उघडून द्यायचा आणि तो फोटो हार घालून घरात लागायचा. मूळ फोटो मात्र तो पाकिटात बंद करून ठेवायचा.

मी इथल्या शाळेत इतिहास शिकवतो. जुन्या आजारांवर आणि उपचारांवर प्रदर्शन भरवायचं ठरलं, तेव्हा त्याने देवीच्या लशीचे, दवाखान्याचे जुने फोटो डबाभर दिले. "पाकिटातले तेवढे राहू द्या, सर," एवढंच म्हणाला. मी डब्यातलं ते पाकीट उघडलं. खाटेवर डोळे मिटलेली बाई, उशाशी औषधाची बाटली. असा फोटो पुन्हा कुठे मिळणार, म्हणून मधोमध लावला.

उद्घाटनाआधी तो आला. चप्पल दाराबाहेर काढून एकेक फोटो बघत तिच्यासमोर थांबला.

"हिची नात तुमच्याच शाळेत हाय, सर. तिनं आजीचे डोळे उघडेच पाह्यले."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त फ्रेम भिंतीकडे वळवली आणि निघून गेला.

पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली, तेव्हा मी ती फ्रेम पुन्हा सरळ केली.