ओल्या रंगावरचं क्लिअर

उद्यमनगरात आमचं गाड्या रंगवायचं शेड होतं. बोर्ड दादाच्या नावाचा, काम दोघांचं. वडील लवकर गेले, दादानंच मला वाढवलं. आणि ते तो गिऱ्हाइकासमोरही बोलून दाखवायचा. 'ह्याला मी पोटच्या पोरागत सांभाळलाय' असं म्हटलं की माझं तोंड आपोआप बंद व्हायचं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. तोवर गाडीला एनामल मारायचा आणि पॉलिश करून द्यायची, एवढंच काम असे. चमक असायची ती रंगातच. रंगावर क्लिअर, म्हणजे काचेसारखा बिनरंगी थर द्यायची टूम नुकतीच निघाली होती. पुण्यातल्या एका शेडमध्ये राहून मी ते शिकून आलो होतो. एनामल वरून हाताला कोरडा लागला तरी आत ओला असतो, आणि क्लिअरमधलं थिनर एवढं तेज, की असला कच्चा रंग ते उचलून काढतं, हे मी तिथं डोळ्यांनी पाहिलं होतं.

उन्हाळ्यात शिरोळचे एक बागायतदार जुनी अॅम्बेसेडर घेऊन आले. मुलीचं लग्न ठरलं होतं, तिची पाठवणी याच गाडीतून करायची हौस होती. मी गाडीला गडद तांबडा रंग मारला. असा बसला की बागायतदार बॉनेटवर वाकून मिशा बघायला लागले. काम तिथंच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण दादानं त्यांना क्लिअरचा शब्द देऊन ठेवला होता.

"उद्या क्लिअर मारूया," तो म्हणाला.

"दादा, रंग कच्चा हाय अजून. लग्न तोंडावर आलंय, नुसतं पॉलिश करून देऊया. पावणं खूश हायेत की."

"पुण्याला काय जाऊन आलास, मलाच शिकवाय लागलास व्हय?"

मी रंग फवारायची गन खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यानंच ती उचलली. पहिला हात बसला तेव्हा बॉनेट खरोखरच आरशासारखं दिसलं. मागच्या खोलीतून चहा घेऊन आलेली वहिनीही बघत उभी राहिली. आणि बघता बघता कडेला सुरकुती उठली. तापल्या दुधावर साय आकसावी तसा रंग आकसत गेला. दादा सुरकुतीवर आणखी क्लिअर मारत राहिला, जसं काही ती दबून जाणार होती. बॉनेट गेलं, मग दरवाजेही गेले.

सकाळी बागायतदार आले. सुरकुतलेल्या बॉनेटवरून त्यांनी बोट फिरवलं.

दादा म्हणाला, "काय सांगू पावणं, धाकट्यानं घाई केली. मी नको नको म्हणत हुतो."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मी म्हटलं, "दादा, खरं काय ते सांग की."

बागायतदार माझ्यावर फिरले. "माझ्या पोरीच्या लग्नाची माती केलीस, आणि वर ज्यानं वाढवला त्या भावालाच खोटं पाडतोस?"

मी वहिनीकडं बघितलं. ती खाली मान घालून आत गेली.

पोरगी भाड्याच्या टॅक्सीतून सासरी गेली. पुण्याला शिकून आलेल्यानं गाडी नासवली, हे उद्यमनगरात घरोघर झालं. मला कुणी गनला हात लावू देईना. शेवटी गारगोटी गाठली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवून संसार केला. तिकडं दादा मात्र शहाणा झाला. रंग वाळेपर्यंत थांबायला लागला, आणि क्लिअर करावं तर त्याच्याकडंच, असं नाव कमावलं.

पुढं वहिनी एकदा एकटीच गारगोटीला आली. मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही का बोलला न्हाईसा?"

"मला त्याच घरात राहायचं हुतं, भावजी," ती म्हणाली.

तिचं खरं होतं. तरी मला राग आवरला नाही तो नाहीच. माझ्या बायकोनं तिला जेवायला वाढलं, मी बाहेर निघून गेलो.

दादा वारला तेव्हा मातीला गेलो. जमलेल्यांपैकी एकजण मला म्हणाला, "देवमाणूस. कुणाचं वाईट चिंतलं न्हाय कधी." मी मान डोलावली. पुतण्या एसटी स्टँडवर सोडायला आला होता. "काका, आता शेडात तुम्ही या की," म्हणाला.

"न्हाय," म्हटलं, आणि गारगोटीच्या गाडीत चढलो.