टेक्सासच्या किल्ल्यात बाबा जेवले नाहीत

अर्विंगहून डॅलसच्या बाजूला जाताना हायवेच्या कडेला एक किल्ला लागायचा. खरा नव्हे हो, टेक्सासमध्ये कुठला आलाय खरा किल्ला! बुरूज, कमान, झेंडे, सगळं सिमेंटचं, आणि समोर हे एवढं मोठं पार्किंग. आत घोड्यावरून भाले घेऊन लढाई चालायची आणि ती बघत लोक जेवायचे. ऑफिसातले लोक मुलांचे वाढदिवस तिथे करत. मी कधी गेले नव्हते.

आई जाऊन वर्ष होत आलं तेव्हा मीच हट्टानं बाबांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. साताऱ्याच्या घरात ते एकटे होते, आणि इथे माझा नवराही दुसऱ्या शहरातल्या प्रोजेक्टवर, महिन्यातून एकदा घरी येणारा. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. दर हिवाळ्यात पोरांची फौज घेऊन एकेक गड चढायचा आणि टाक्याचं पाणी दाखवल्याशिवाय कुणालाही डबा उघडू द्यायचा नाही, अशी त्यांची रीत. लहानपणी माझ्या सुट्ट्या अशाच गेल्या, आणि खरं सांगते, मजेत गेल्या.

दिवाळीत मी माझ्या मॅनेजरला आणि त्याच्या बायकोला जेवायला बोलावलं. ग्रीन कार्डची फाइल नुकतीच सुरू झाली होती, मॅनेजर म्हणजे देवच. बाबांनी वरणभात कालवला, भुरका मारला आणि शेवटी कढीची वाटी सरळ तोंडाला लावली. जन्मभर जेवत होते तसेच जेवले. मॅनेजरला त्याचं काहीच वाटलं नसावं, तो पुरणपोळीत गुंग होता. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पाहुणे गेल्यावर माझा पारा चढला. मी नको ते बोलले. असं हात बरबटून खाणं इथे शोभत नाही, असं मी माझ्या बापाला म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, मग शिकव."

आणि मी शिकवलं! लाज वाटते सांगायला. दोन महिने मी त्यांना काट्यासुरीनं जेवायला लावलं. पोळीसुद्धा. ती सुरीखालून निसटून त्यांच्या मांडीवर पडायची, मी "अहो बाबा" म्हणून करवादायचे. ते निमूट उचलून परत सुरुवात करायचे. मी ऑफिसात गेले की ऑम्लेटवर सराव करत. संध्याकाळी दारातच सांगत, आज एकदाही काटा हातातून सुटला नाही म्हणून. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलेला माणूस माझ्याकडून शाबासकी मागत होता, आणि मी ती हात राखून देत होते.

जानेवारीत मॅनेजरनं जाहीर केलं की सगळ्या टीमला कुटुंबासकट त्या किल्ल्यात जेवण. रविवारी दुपारचा शो. बाबांच्या अंगात उत्साह संचारला. तोवर घरात टीव्हीसमोर बसून कंटाळलेले ते, आठवडाभर लायब्ररीत जाऊन बसले. युरोपातल्या किल्ल्यांवरची जाडजूड पुस्तकं काढून वहीत टिपणं केली. खंदक, उचलता पूल, दरवाज्यावरून उकळतं पाणी ओतायची भोकं. गोल जिना उजवीकडे वळत का जातो, तर चढणाऱ्याचा तलवारीचा हात मधल्या खांबाला अडावा म्हणून, असं एका पुस्तकात आहे म्हणाले. आपल्याकडे दरवाजाच वळणाआड लपवतात, समोर आल्याशिवाय दिसतच नाही, हे ते मला पोळी कापता कापता समजावत. तिथल्या लोकांची शौचाची सोय भिंतीतून बाहेर काढलेल्या खोलीत असे, सगळं खाली खंदकात. "आणि त्याच खंदकाच्या काठी विहीर! काय म्हणावं," असं म्हणून ते पोट धरून हसले. हे सगळं त्यांना माझ्या मॅनेजरला सांगायचं होतं. वाक्यंसुद्धा इंग्रजीत लिहून काढली होती, मला तपासायला दिली होती. मी ती वाचलीच नाहीत.

गाडीत मी त्यांना पढवलं. भुरके मारायचे नाहीत. ढेकर द्यायचा नाही. काही झालं तरी हातानं खायचं नाही. आणि हो, तिथे लेक्चर नको, लोक रिलॅक्स व्हायला येतात. बाबांनी कोटाच्या खिशातली वही चाचपली आणि मान डोलावली.

आत अंधारलेलं सभागृह, मधे वाळूचं रिंगण, भोवती पायऱ्यांवर लांबच लांब टेबलं. आमची टीम एका ओळीत. मधे मी, डाव्या हाताला बाबा, उजव्या हाताला मॅनेजर. झग्यातली एक मुलगी वाढायला आली. सूप आलं, कानाच्या वाडग्यात, चमच्याशिवाय. मग अर्धी भाजलेली कोंबडी, पाव, बटाटा. आणि तिनं ओरडून सांगितलं की त्या काळी किल्ल्यात काटे नव्हते, तेव्हा मंडळी, हातानं हाणा!

सगळे टाळ्या पिटत तुटून पडले. माझा मॅनेजर कोपरापर्यंत तेलकट झाला, वाडगा तोंडाला लावून त्यानं असा भुरका मारला की बाबांचा त्यापुढे काहीच नाही. त्याची बायको बोटं चाटत होती.

बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांना वाटलं मुलगी गंमत करतेय, काटे मागून येतील. पुन्हा ती जवळून गेली तेव्हा त्यांनी पाठ केलेल्या नम्र इंग्रजीत काटा मागितला. ती हसली आणि पुढे गेली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, खाऊ का, असं.

"खा ना बाबा, हातानंच," एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. पण ते म्हणायचं म्हणजे दोन महिने जे केलं ते मूर्खपणाचं होतं हे कबूल करायचं. शिवाय, आता लपवून काय करू, मनात हेही आलं की हे लोक हातानं खातात ती गंमत, बाबांनी खाल्लं तर ती गंमत दिसणार नाही. मी नजर वळवली. आणि कोंबडीची तंगडी हातात घेऊन खायला लागले.

मॅनेजरनं वाकून विचारलं, सर जेवत का नाहीत? बाबा हसून म्हणाले, भूक नाही. मीही म्हटलं, त्यांचं खाणं कमीच आहे. सकाळी पोहेसुद्धा त्यांनी थोडेच खाल्ले होते, किल्ल्यातल्या जेवणासाठी पोटात जागा हवी म्हणून.

मग घोडे आले, भाले मोडले, आणि मधेच मॅनेजरनं विचारलं, तुमच्याकडे भारतात असे किल्ले आहेत का? मला नाही, बाबांना विचारलं. बाबांचा हात खिशाकडे गेला. मग त्यांना काही आठवलं, हात परत मांडीवर आला, आणि ते म्हणाले, "माझी मुलगी सांगेल."

मी म्हटलं, आहेत काही, पडके आहेत बहुतेक.

पडके! ज्या माणसानं मला बोट धरून राजगड चढवला त्याच्या शेजारी बसून मी हे म्हणाले. बाबा समोरच्या घोड्यांकडे बघत राहिले. त्यांची कोंबडी गार झाली. शेवटी त्या मुलीनं ती पुठ्ठ्याच्या डब्यात भरून दिली.

घरी आलो तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला. कुकर लावला, वरणभात केला, लिंबू चिरलं आणि ताट त्यांच्यापुढे ठेवलं. बाबा उठले, ड्रॉवर उघडला आणि काटा-चमचा घेऊन आले.

"बाबा, घरात आहोत," मी म्हटलं. "हातानं जेवा ना."

"राहू दे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तोच तर त्रास. "हाताची सवय परत लागली तर तुला पुन्हा शिकवत बसावं लागेल. अजून दोन महिने आहेत ना."

माझं चुकलं, असं मी म्हणायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. मी विचारलं, तूप वाढू का? त्यांनी ताट थोडं पुढे केलं आणि चमच्यानं भातात खड्डा केला.