दोन छाटण्यांनंतर

कल्पना करा, तुमच्यापुढे शिशाच्या पत्र्यावर टोकदार सळईनं ओरखडलेलं एक पत्र आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचं, ग्रीक भाषेतलं. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, विरामचिन्हं नाहीत. एक शब्द कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो, ते तुम्हीच ठरवायचं. पत्र्याचा खालचा कोपरा तुटलाय. आणि तुमच्या हातात आहे फक्त त्याचा फोटो, एक कोश आणि उद्या सकाळपर्यंतचा वेळ.

सायली बागेच्या बांधावर बसून हेच करत होती. विंचूरजवळच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेऊन तिनं अंबडच्या कारखान्यात दोन वर्षं सेन्सर तपासले, आणि एके दिवशी नोकरी सोडून ग्रीसमधल्या विद्यापीठात प्राचीन ग्रीक साहित्य शिकायला गेली. चारातलं पहिलं वर्ष संपवून ती सुट्टीला आली होती. उद्या याच पत्रावर तोंडी परीक्षा. पास झाली तरच शिष्यवृत्ती पुढं चालू राहणार होती.

सप्टेंबर सरत आलेला, बागेत आगाप, म्हणजे हंगामाआधीची, गोडी छाटणी चाललेली. हरसूलहून आलेल्या मजुरांच्या टोळीतल्या चिमणाबाईनं कात्री चालवता चालवता विचारलं, "कोणाचं पत्र हाय, ताई?"

"एका बापाचं. पोरगा जहाजावर गेलाय, त्याला लिहिलंय."

"मंग दुसऱ्याचं पत्र तू कशाला वाचती?"

सगळी टोळी हसली. सायलीचे वडील, नाथाअण्णा, तेही हसले. "वाच गं, आमाला बी ऐकू दे."

"तू गेल्यापासून वेल दोनदा छाटले," सायली वाचू लागली. "तुझं अंथरूण आई अजून उन्हात टाकते..."

"दोनदा? म्हंजी एक खरड, एक गोडी," अण्णा म्हणाले. "वर्स झालं पोराला जाऊन."

सायलीनं समासात तेच लिहून ठेवलं होतं. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरतानाची गोडी छाटणी बघत वाढलेली मुलगी दुसरं काय मोजणार?

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर प्राध्यापकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "शब्द सगळे नीट सुटे केलेस. पण हे एक वर्ष कुठून आणलंस?"

सायलीनं सांगितलं. बाई खळखळून हसल्या. "अगं, इथं वेल वर्षातून एकदाच छाटतात, हिवाळ्यात. दोन वर्षं झालीत त्याला! माझ्या एकाही विद्यार्थ्यानं ही चूक केलेली नाही." जाता जाता म्हणाल्या, "पास आहेस. ये परत."

सायली धावतच बागेत गेली. पास झाल्याचं ऐकताच चिमणाबाईनं पेढे मागितले.

"एकच चुकलं, अण्णा. वर्ष नाही, दोन वर्षं. तिकडं वेल वर्षातून एकदाच छाटतात."

अण्णांची कात्री थांबली. "दोन वर्सं वाट बघितली त्यानं?" मग तिच्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "तुझं किती राहिलं अजून?"

"तीन."

"आपल्या सहा छाटण्या." ते पुढच्या वेलाकडं वळले. "मी तिकडच्याच मोजीन. कमी भरत्यात."

 सायली त्यांच्यामागून कापलेल्या काड्या गोळा करत चालली.

"आन् तो पोरगा?" अण्णांनी विचारलं. "आला का मंग?"

तिनं मोबाईलवर फोटो मोठा केला. अंथरुणाच्या ओळीनंतर चार अक्षरं होती, आणि तिथंच पत्रा तुटलेला. परीक्षेत हे कुणी विचारलं नव्हतं. आता मात्र तिला तेवढंच हवं होतं: आला का तो घरी?