मामाची नाटकं कुणी लिहिली

माझ्या मामाची नाटकं मुळात त्याची नव्हेतच, असा वाद सध्या पेपरात चालला आहे. मामा होता तोवर असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात जत्रा म्हटली की त्याचं नाटक लागायचंच, आणि पुढं पुण्यामुंबईच्या मंडळींनीही ती उचलली. आता एका दिवंगत गुरुजींचा मुलगा म्हणतो, ती सगळी आमच्या वडिलांनी लिहिली. गुरुजी मामाचे दोस्त. रविवारी भिगवणहून यायचे आणि त्याचं शुद्धलेखन सुधारायचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा मुलगा. पण लोकांना पटतं. वालचंदनगरला मशीनवर उभा राहणारा माणूस, जेमतेम मॅट्रिक, त्याला असलं सुचेलच कसं, असं शिकलेल्यांना वाटतं.

मी शाळेसाठी मामाकडं कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहिले, त्यामुळं नाटक कसं व्हायचं ते मी जेवणाची वाट बघत रोज पाहिलं आहे. पाळी संपवून आला की मामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पॅड घेऊन बसायचा. लिहिलेलं वाचून दाखवायचा आणि अडला की मामीला विचारायचा, मग ती काय म्हणंल? मामी भाकरी थापता थापता सांगायची आणि तो लिहून घ्यायचा. बायकाच नव्हे, सासरा, तलाठी, दारुडा दीर, सगळे तिच्याच तोंडून बोलायचे. गोष्ट मामाची असायची, पडदा कुठं पाडायचा तेही तोच ठरवायचा. पण त्यातली माणसं तिची होती. तिचे हात पिठात, त्यामुळं कागदाला तिनं कधी बोटसुद्धा लावलं नाही.

त्याच्या सगळ्यात गाजलेल्या नाटकात नवरा जेवता जेवता बायकोला सांगतो की मी दुसरी करतोय. मामानं तिथं बायकोला पानभर भाषण दिलं होतं. ते ऐकून मामी म्हणाली, "ती न्हाय काय बोलायची. त्याच्या म्होरचं ताट उचलंल आन आत जाईल." मामा चिडला, बराच वेळ कुरकुरला आणि मग पानावर काट मारली. आजही त्या जागेला प्रेक्षकांत कुणी खोकत नाही.

गेल्या हिवाळ्यात या वादावर लिहिणारा एक अभ्यासक बारामतीला मामीच्या फ्लॅटवर आला. मामी तोवर पार थकली होती, डोळ्यांनीही अधू झाली होती. त्या काळातल्या मोठ्या माणसांत सांगणारं तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, म्हणून आत्ता बोलली तर बोलली, असं मला वाटत होतं. त्यानं ताट उचलण्याचीच जागा काढली. असं मौन लिहायला जगाची रंगभूमी वाचलेली असावी लागते, म्हणून गुरुजींचा हात दिसतो, असं त्यानं तिलाच समजावून सांगितलं. मामी ऐकत होती. मग त्यानं विचारलं, काकू, त्या दिवसांत घरी कोण कोण यायचं? तिनं आठवून सांगितलं, पेटीवाला, तालमीची पोरं, गुरुजी. गुरुजी लिहायचे का? "न्हाय. ते च्या प्यायचे आन वेलांट्या सुधरायचे. लिवायचे ते ह्येच."

मला राहवलं नाही. संवाद मामी सांगायची, मी सरळ बोलून टाकलं. तो हसला. घरच्यांचा हातभार असतोच म्हणाला, आणि पेन काही उघडलं नाही. मी मामीकडं बघितलं. तिनं नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. तेवढंही तिनं केलं नाही. त्याच्यापेक्षा मला तिचाच जास्त राग आला.

लेख छापून आला तेव्हा मी तिला वाचून दाखवला. त्यात अर्धी नाटकं गुरुजींची धरली होती. ताटाच्या जागेबद्दल खूप चांगलं लिहिलं होतं. तेवढं तिनं पुन्हा वाचायला लावलं, आणि ते झाल्यावर आणखी एकदा. शेवटी नाटककाराच्या पत्नीचं कौतुक होतं, येणाऱ्याजाणाऱ्यांचं तिनं मनापासून केलं म्हणून.

मी विचारलं, "मामी, त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"त्यानं कोण आलं-गेलं ते इचारलं," ती म्हणाली. "मी कुठं आले-गेले? मी हितंच व्हते."

उन्हाळ्यात ती गेली. पेपरात वाद अजून चालूच आहे, मामा की गुरुजी.