दंडापुरती मताई

आमच्या फागासुआ गावात मला नावानं कमी आणि एसेताचा घरजावई म्हणून जास्त ओळखतात. नाव सामासोनी, बायबलातल्या त्या केसाळ पहिलवानाचं, बाईनं केस कापले आणि ज्याची ताकद गेली. गावातल्या टवाळांना एवढं पुरतं. "काय रे, आज बायकोनं केस कापले की नाही?" असं येता-जाता विचारतात. विचारू देत. बायकोच्या गावी नांदायला आलेल्या माणसानं दगड तापवून भट्टी लावायची, डुक्कर सोलायचं, समुद्रावर जायचं आणि मान खाली घालून सासरच्या घराण्याची सेवा करायची, ही इथली रीत. मी सगळं केलं. मान खाली घालायचं तेवढं जमलं नाही.

पण गोष्ट एसेताची आहे, माझी नाही.

एसेता बस चालवते. बापाची जुनी लाकडी बस, पहाटे राजधानीत, आपियाला जाते, संध्याकाळी परत येते. आमच्या बाजूच्या दवाखान्यात डॉक्टर असतो, पण तो खुर्चीवर नसतो, हजेरीपटावरच्या सहीत असतो. त्यामुळे अडलेल्या बायका एसेताच्या बसमधून शहरात जातात. दोन पोरं मागच्या बाकावरच जन्मली. आता मोठी झालीत आणि तिकीट मागितलं की म्हणतात, आमचं तर घर आहे हे. तिसऱ्या खेपेला बाई वाचली, मूल गेलं. त्या दिवशी एसेता परत येताना घरी आली नाही. तिनं बस नेली ती थेट सेउपुलेच्या दारात, आणि तो बाहेर येईपर्यंत भोंगा दाबून धरला.

घराण्याची मानाची पदवी ज्याच्याकडे तो त्या घराचा मताई; सेउपुले म्हणजे अशा मताईंच्या आमच्या गावसभेचा मुख्य वक्ता आणि वर आमचा खासदार. माणूस बोलायला लागला की मध गळतो. पायरीवर उभा राहून म्हणाला, "एसेता, बाळ, दुःख आहे मला. पण डॉक्टर का नाही, हे विचारणं मताईचं काम. तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

"मताई नाही ना विचारत," ती म्हणाली.

"मग तू हो मताई," सेउपुले हसला, आणि त्याच्या मागं उभे असलेलेही हसले.

त्या हसण्यानं घात केला त्यांचा. एसेताच्या बापाची मायावा ही पदवी तो गेल्यापासून रिकामीच होती. भाऊ ऑकलंडला, तो काय परत येतोय. घराण्याचं माणूस न् माणूस जमलं, चटयांवर बसून भांडलं, रडलं, जेवलं, आणि पदवी एसेताला दिली. सरकारदरबारी नोंद झाली. ती मायावा एसेता झाली, आमच्या घराची मताई. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी भट्टीतला नीरफणस पार करपवला.

गावसभेनं मात्र एका वाक्यात निकाल लावला: "फागासुआत बाईला खांब नाही." सभाघराला भिंती नसतात, खांब असतात, आणि प्रत्येक पदवीचा आपापला खांब असतो, पाठ टेकून बसायला. मायावाचा खांब रिकामा होता. रिकामाच ठेवला.

आता गंमत बघा. तिकडे देशाची घटना दुरुस्त झाली, संसदेत इतक्या बायका हव्यातच असं त्यात आलं. छान झालं. पण निवडणुकीला उभं राहायला माणूस मताई पाहिजे, आणि त्या मताईनं सलग तीन वर्षं गावाची सेवा केलेली पाहिजे. सेवा म्हणजे सभेचं जेवण, लग्नामर्तिकाच्या चटया, चर्चचं काम. ती सेवा मान्य कोण करणार? गावसभा. आणि गावसभेत बाईला खांबच नाही. म्हणजे आपियात दार उघडलं आणि किल्ली ठेवली सेउपुलेच्या खिशात. मी चिडून हे बोललो तेव्हा एसेता शांतपणे म्हणाली, "सेवा करायला कोण अडवतंय? आपण करू. घेतात की नाही ते बघू."

दर सोमवारी सभा. मी पहाटे भट्टी लावायचो. तारोचे कंद, मासे, आणि पालुसामी, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. पालुसामी मी उत्तम करतो, सांगायला लाज कसली. पहिल्या सोमवारी टोपल्या घेऊन सभाघरापाशी गेलो. एसेता बरोबर. बापाचा केसाळ चवरा, मताईपणाची खूण, खांद्यावर टाकून ती बाहेरच्या दगडी ओट्यावर बसली, भर उन्हात. तोआफा म्हणून एकजण आहे, सभेला आलेलं जेवण कोणाकडून आलं ते मोठ्यानं पुकारायचं हे त्याचं काम. तो गोंधळला. आत बघतोय, बाहेर बघतोय.

"कोणाच्या नावानं पुकारू?" त्यानं विचारलं.

आतून पालुसामीचा वास घेत सेउपुले म्हणाला, "सामासोनीकडून म्हण."

तोआफानं पुकारलं, आणि सगळ्यांनी पोट फुटेस्तोवर खाल्लं. तीन वर्षं हेच चाललं. ऊन असलं की ती उन्हात, पाऊस आला की छत्रीत, पण ओट्यावरच. मी घरी येऊन भांडायचो, "अगं, माझं नाव घेऊन तुझं खातात!" ती म्हणायची, "खाऊ देत. पोट भरलेला माणूस बेसावध असतो."

निवडणूक आली, तिनं अर्ज भरला. सेउपुले आठवड्यात कोर्टात गेला. म्हणणं एवढंच, की या बाईनं गावाची काडीची सेवा केलेली नाही. सभेतले सगळे तसं सांगायला तयार. अर्ज बाद झाला असता तर पुन्हा पाच वर्षं सेउपुले, पुन्हा सहीतला डॉक्टर, पुन्हा तो मागचा बाक.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात दिवस कलताना तो आमच्याकडे आला. हातात आवाच्या मुळांची जुडी, सभेत वाटीनं फिरवतात त्या पेयाची, पाहुण्यासारखी. ओट्यावरच्या चटईवर मांडी घालून बसला. एसेता अंगणात बसचं चाक बदलत होती, तिला सगळं ऐकू जात होतं. त्याला ते चालत होतं.

"सामासोनी," तो म्हणाला, "किती वर्षं राबतोयस तू. गाव आंधळं नाही. तुझ्या सासरच्या घराण्यातली धाकटी पदवी रिकामी आहे. म्हाताऱ्यांना मी समजावतो. खांब मिळेल, आवाच्या वाटीला तुझं नाव घेतील. तुला घरजावई म्हणायची कोणाची छाती होणार नाही."

खरं सांगतो, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पोरांची टवाळी ऐकत ज्याच्या मिशा पिकल्या त्याला विचारा, खांबाला पाठ टेकणं म्हणजे काय.

"आणि मी काय करायचं?" मी विचारलं.

"खरं बोलायचं. कोर्टात विचारतील, जेवण कोणी रांधलं, कोणी आणलं, कोणाच्या नावानं पुकारलं. सगळ्याचं उत्तर तूच. माझी सेवा, एवढे दोन शब्द."

मी अंगणात पाहिलं. एसेता पाना हातात घेऊन उभी होती. म्हटलं, काहीतरी बोल, बाई. नको म्हण, रड, ओरड.

"तुझे हात, तुझं तोंड," ती म्हणाली. "मी शब्द घालणार नाही."

या बोलण्याचा मला जास्त राग आला. सेउपुलेपेक्षा तिचा. एवढी वर्षं संसार केला आणि साधं 'माझ्यासाठी' म्हणवत नाही! तो सगळा राग मी पाहुण्यावर काढला. आवाची जुडी उचलली, त्याच्या मांडीवर टाकली आणि म्हणालो, "तुमचा खांब वाळवीनं पोखरलाय, महाराज. मला नको. आणि माझ्या बायकोच्या ओट्यावरून उठा." तो उठेना, तेव्हा त्याच्या खालची चटई ओढली. ओढली म्हणजे ओढलीच. खासदार अंगणात.

मताईच्या अंगाला असा झटका देणं म्हणजे मोठाच गुन्हा. एसेता कपाळाला हात लावून मटकन बसली. "काय केलंस तू, सामासोनी? आता गावाबाहेर काढतील आपल्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सभा बसली. सेउपुले लालबुंद. तासाभरात शंख वाजला आणि तोआफा गावातून पुकारत निघाला. आमच्या दारासमोर येऊन तो थांबला, घसा साफ केला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला: "घरजावई सामासोनी यानं वक्त्याचा अपमान केला. मायावाच्या घराला दंड! दोन डुकरं, दहा पेट्या डब्यातले मासे, एक बारीक विणीची चटई!"

मी दार धरून उभा होतो. मागून आवाज आला, "काय म्हणाला तो?"

"दोन डुकरं," मी म्हणालो. "कुठून आणणार आहेस?"

"त्याच्या आधी काय म्हणाला?"

मी सांगितलं. आणि मग मलाही उजेड पडला. बिनपदवीच्या माणसाला दंड करता येत नाही आमच्याकडे. त्याचा दंड त्याच्या घराच्या मताईनं भरायचा, आजोबा-पणजोबांपासून असंच. रागाच्या भरात त्यांनी मला दंड केला, आणि दंड करायचा म्हणजे मताईचं नाव घ्यावंच लागलं. कोणालाच त्यात काही खटकलं नाही. जिभेला सवय.

एसेता हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग उठली आणि म्हणाली, "चल, डुकरं बांध. दोन नाही, तीन."

भर दुपारी, सगळं गाव बघत असताना, आम्ही दंड घेऊन निघालो. पुढं ती, कमरेला नवा लावालावा गुंडाळलेला, खांद्यावर चवरा. मागं मी आणि किंचाळणारी डुकरं. सभाघरासमोर चटई उलगडली. तोआफानं रीतीप्रमाणं पुकारलं, "मायावाच्या घराकडून दंड पोचला. तीन डुकरं!" आतले म्हातारे माना डोलावत होते, डुकरं चांगली धष्टपुष्ट होती. एकट्या सेउपुलेचा चेहरा पडला. त्याला कळलं, पण डुकरं आत गेली होती आणि एकाच्या मानेवर सुरी होती.

कोर्टात मी सगळं कबूल केलं. रांधलं मी, वाहिलं मी, नाव माझं पुकारलं. सेउपुलेच्या वकिलानं समाधानानं कोट ओढला. "म्हणजे सेवा तुमची?" त्यानं विचारलं.

"मी घरजावई आहे, साहेब," मी म्हणालो. "माझा स्वतःचा म्हणून त्या गावात एक कंद नाही. माझ्या हातून जातं ते माझ्या घराच्या मताईचं. ही रीत मी नाही केली. समोर बसलेत त्यांना विचारा."

मग एसेता उठली. आवाज चढवला नाही तिनं. "गावसभेनं माझ्या घराला दंड केला, मायावा म्हणून. मी भरला, मायावा म्हणून. तो यांनी घेतला, कापला, खाल्ला. माझं एवढंच विचारणं आहे: दंड घेताना मी मताई, मग सेवा घेताना बाई कशी?"

न्यायाधीशांनी सेउपुलेला उभं केलं. "दंड कोणाकडून घेतलात?"

सेउपुलेनं मागं वळून पाहिलं. मागच्या बाकांवर गावचे वक्ते ओळीनं बसलेले. घरजावयाकडून घेतला म्हणावं, तर उद्या गावातला कोणीही बिनपदवीचा पोऱ्या दोन मासे आणून खांब मागेल. 

"घराकडून," तो शेवटी म्हणाला.

"घराचा मताई कोण?"

"मायावा."

"आज ती पदवी कोणाकडे आहे?"

त्यानं पुन्हा एकदा मागं पाहिलं. मग तो खाली बघून म्हणाला, "एसेताकडे." न्यायाधीशांनी लिहून घेतलं. ज्या घराचा दंड, त्याच घराची सेवा, असं निकालात आलं, आणि तिचा अर्ज कायम राहिला.

बाहेर पायऱ्यांवर सेउपुलेनं आम्हाला गाठलं. आता मध नव्हता. "सोमवारी सभा आहे," तो म्हणाला. "गावातून काढतो तुम्हा दोघांना. मग मागत फिर मतं."

एसेता त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "काढा की. पण हुकूम कोणाच्या नावानं पुकारणार? शंख वाजवून गावभर सांगावं लागेल, मायावाच्या घराला हद्दपार केलं म्हणून. मी दारात बसून राहीन ऐकायला."

सेउपुले वळला. गाडीत बसला, निघून गेला. सोमवारी सभा झाली, मी टोपल्या नेल्या, ती ओट्यावर बसली, त्यांनी खाल्लं. शंख काही वाजला नाही. त्यानंतरचे दोन सोमवारही तसेच गेले. येत्या शुक्रवारी मतदान आहे, आणि गावसभेतल्या प्रत्येकाच्या हातात जी मतपत्रिका पडेल तिच्यावर सेउपुलेच्या नावाखाली तिचं नाव पदवीसकट छापलेलं आहे.