साडूभाऊंचे पळस

इंदूर शहरात उभ्या झाडांना एकट्याने पळायला लावणारा माणूस आमच्या साडूभाऊंखेरीज दुसरा होणे नाही. रेल्वेच्या पार्सल कचेरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ दर रविवारी माझ्या स्कूटरवर मागे बसून सिमरोलला येत, तेथील पळसांसमोर उभे राहत आणि कळ दाबताक्षणी कॅमेरा मुद्दाम वरून खाली असा ओढीत, जणू भिंतीला चुन्याचा हातच देत आहेत. फोटोत झाड कधी येत नसे. फाल्गुनात केशरी आणि श्रावणात हिरव्या रेघांचा पडदा तेवढा येई. एकदा नवा प्रयोग म्हणून ते कॅमेऱ्यासकट कंबरेतून गरगर फिरत असता एक शेतकरी घोंगडी घेऊन धावत आला. "बाबूजी, मधुमक्खियाँ लग गईं क्या?" साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "नहीं भिया, फोटो ले रहा हूँ." त्याने घोंगडी तरीही त्यांच्या अंगावर टाकलीच.

रस्तारुंदीकरणासाठी त्याच पळसांवर तोडणीचे रंगीत आकडे पडले, तेव्हा साडूभाऊ थेट छत्रीबागेत माझ्या घरी आले. अर्जलेखनात माझा हात धरणारा जिल्हा कचेरीच्या आवारात कोणी नाही, हे मी स्वतः सांगणे शोभत नाही. तथापि झाडे वाचवण्याचा अर्ज मीच लिहिला.

"पुरावा म्हणून एक सरळ फोटो जोडा," मी म्हणालो.

"सरळ तर त्यांच्याकडे आहेतच!" ते उसळले. "ते बघूनच आकडे टाकलेत ना? माझाच लागेल."

"लोक हसतील."

"हसू द्या. बघतील तर खरे."

कचेरीतला बाबू हसलाच. "अंकल, कैमरा हिल गया था?"

"हिला नहीं, हिलाया है," म्हणत साडूभाऊंनी भर कचेरीत कंबरेसकट प्रात्यक्षिक दिले. साहेबांनी फोटो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. "सुंदर है. पर इसमें पेड़ कौन-सा है?"

"सारे ही हैं, साहब. इसलिए सारे ही रहने दीजिए."

अर्ज नामंजूर झाला. झाडे गेली. पुढच्या रविवारी मी नको म्हणत असता त्यांनी मला स्कूटर तेथेच नेण्यास भाग पाडले. मोकळ्या जमिनीसमोर उभे राहून त्यांनी कॅमेरा नेहमीसारखाच ओढला. फोटोत एक करडी पट्टी आली. ती ते बराच वेळ पाहत राहिले.

"हात तर तोच होता, भिया," ते हळूच म्हणाले.

मग कॅमेरा पिशवीत घालून मागे बसले. "चला, देपालपूरकडे घ्या. तिकडे काहीतरी उभे असेलच."

वाटेत ज्या ज्या झाडापाशी त्यांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवले, तेथे तेथे मी निमूटपणे थांबत गेलो.