आधी बंद, मग चालू

वसईच्या आमच्या घरात, वरच्या खोलीत, प्लायवूडवर माझी छोटी रेल्वे पसरलेली आहे आणि वर्षभर तिने माझं डोकं उठवलं आहे. कारण दोन इंजिनं. एक बाबांचं, माझ्या लहानपणी त्यांनी हौसेने आणलेलं, नॉब फिरवाल तसं पळणारं जुनं अॅनालॉग. दुसरं माझं, डिजिटल. त्याला रुळांत सतत पूर्ण वीज लागते. पळायचं की थांबायचं ते त्याच्या पोटातली चिप बघते. त्याच विजेवर बाबांचं इंजिन ठेवलं, तर ते जागच्या जागी गुणगुणत तापतं.

बाबा आता ऐंशी पार केलेले. ते इंजिन पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने चालवायचं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून मी दोन बटणं बसवली, एक नॉबच्या विजेचं, एक डिजिटलचं. दहादा बजावलं, "बाबा, आधी चालू असलेलं बंद, मगच दुसरं चालू. दोन्ही एकदम नकोत."

बाबा बरं म्हणाले. माझं इंजिन उचलायला मी हात पुढे केला, तोच त्यांनी नॉबचं बटण दाबलं. डिजिटलचं चालूच होतं. चट् असा आवाज आला, मग जळका वास. मागवून किती महिने वाट बघितल्यावर मिळालेली माझ्या इंजिनातली चिप गेली.

"एवढं साधं लक्षात राहत नाही तुमच्या?" मी ओरडलोच.

"पुढचं तोंड उघडल्याशिवाय मागचं कसं बंद करायचं?" ते म्हणाले. "पाट फुटेल ना."

जन्मभर त्यांनी केळीची वाडी शिंपली. पुढच्या आळ्याचं तोंड उघडायचं, मगच मागच्याला माती लावायची, नाहीतर तुंबलेलं पाणी पाट फोडतं. शाळेत असताना मी एकदा उलटं केलं होतं आणि अर्ध्या वाडीत चिखल केला होता. तेव्हा ते ओरडले नव्हते. फावडं घेऊन पाट बांधला आणि पुन्हा दाखवलं.

आता मी एकच बटण बसवलंय, एका वेळी एकाच बाजूला वळणारं. नवी चिपही आली. दोन्ही इंजिनं पळतात. बाबांना बोलावलं की येतात, खुर्चीत बसतात, हात मांडीवर ठेवतात. मी नॉब त्यांच्यापुढे सरकवतो.

"तूच चालव," ते म्हणतात. "मी बघतो."